साहेबाच्या कोटातली किल्ली

पुढे अकरा वर्षं तिने बायकांची पलटण चालवली, सेनापतीणबाई म्हणवून घेतलं आणि गोऱ्या सरकारच्या नाकी नऊ आणले. पण ही गोष्ट घडली तेव्हा ती नुसती इस्त्रीवाली होती. गोऱ्यांच्या चौकीतले कपडे तिच्या पत्र्याच्या खोलीत यायचे. धुणाऱ्या नऊ जणी तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. टेकडीमागे नेऊन तिने त्यांना बंदूक शिकवली होती. बंदुका चारच, बाकीच्या कपडे बडवायचं धोपाटणं खांद्याला लावून नेम धरायच्या.

अशात तिच्या धाकट्या नणंदेला शिपायांनी उचलून चौकीच्या कोठडीत टाकलं. गुन्हा काय, तर खाणीवर फुकट राबायला नकार दिला आणि वर मुकादमाच्या थोबाडीत भडकावली! मंगळवारच्या बोटीतून बावीस कैद्यांबरोबर तिला समुद्रापार धाडणार होते. तिकडे गेलेलं माणूस पुन्हा दिसत नसे.

ती तडक गोऱ्यांविरुद्ध उठलेल्या लढवय्यांच्या म्होरक्याकडे मदत मागायला गेली. तो मिशीला पीळ देत म्हणाला, "बाई, लढाई म्हणजे कपडे बडवणं नव्हे. तुम्ही जखमांना पट्ट्या बांधा."

"पहिली पट्टी तुमच्या तोंडाला!" म्हणून ती फणकाऱ्याने निघाली.

त्याच बोटीने तपासणीला मोठा साहेब येणार होता, म्हणून चौकीच्या साहेबाला सगळे गणवेश कडक खळीचे हवे होते. प्रत्येकाला जोड दोनच. सोमवारी सकाळी त्याने दोन्ही पाठवले, अंगावरचेसुद्धा. फाटकावरच्या दोघांनाच काय ते कपडे उरले.

धुण्याआधी खिसे चाचपायची तिची रीतच होती. साहेबाच्या कोटात हाताला जाड किल्ली लागली. शस्त्रांच्या खोलीची!

सासू म्हणाली, "सूनबाई, उद्यापर्यंत एवढं वाळणार कसं?"

"वाळवतंय कोण, सासूबाई?"

सगळं हौदात बुडवून दहा जणी भर दुपारी चौकीवर गेल्या. टोपल्यांत वर चादरी, खाली बंदुका आणि धोपाटणी. कपडे आले म्हणून पहारेकऱ्यांनी हसत फाटक उघडलं. पुढच्या क्षणी ते दोघे भिंतीकडे तोंड करून उभे होते. आत शिपाई चड्डीवर पत्ते कुटत बसले होते.

"हात वर!" ती गरजली.

सगळ्यांचे वर गेले. साहेबाचा मात्र एकच, कारण दुसऱ्या हाताने त्याने टॉवेल धरला होता. नऊ जणी अशा खिदळल्या की नेम हलले.

"हसा नंतर गं भवान्यांनो!" असं दटावताना तिलाही हसू आवरेना.

किल्लीने शस्त्रांची खोली उघडून अंगणात बंदुकांचा ढीग घातला, कोठडीचं कुलूप फुटलं. नणंद बाहेर येताच कडाडली, "वहिनी, सहा दिवस! कुठे उलथली होतीस?"

"साहेबाचे कपडे उतरायची वाट बघत होते."

नणंदेने अंगणात चड्डीवर हात वर करून उभ्या शिपायांकडे पाहिलं आणि ती पोट धरून हसत खाली बसली.

"चल घरी, आई वाट बघतेय."

"जाते की," डोळे पुसत नणंद म्हणाली आणि ढिगातली एक बंदूक उचलून खांद्याला लावली. "आधी हे कसं धरायचं ते दाखव."