पांढऱ्या माशीची उसनवारी

रोग यावा म्हणून मुद्दाम लावलेल्या मिरचीवर मी माशी मारायचं औषध फवारलं.

देवळाली प्रवराजवळच्या एका छोट्या बियाणे कंपनीत मी मिरचीचे वाण तपासतो. पानं मुरडून झाड खुरटवणारा बोकड्या रोग पांढरी माशी पसरवते. आम्ही माशीला रान मोकळं सोडायचं आणि कोणतं झाड तगतं ते बघायचं, एवढंच काम. माझ्या वाणांवर चार वर्षं गेली होती. मोठ्या साहेबांनी बजावलं होतं, "या हंगामात एक तरी ओळ टिकली पाहिजे. नाहीतर तिथं टोमॅटो."

पण मी पडलो शेतकऱ्याच्या घरचा. एका सकाळी झाडं हलवली, माशीचा पांढरा भपका उठला आणि डोकं चालायच्या आत पंप पाठीवर होता. आठवड्याने हिरवंगार रान दाखवत मी खुरपणीच्या मावशींना म्हणालो, "बघा, एक पान मुरडलेलं नाही!"

मावशींनी खुरपं थांबवलं. "मंग तगडं कोन आन लेचंपेचं कोन, आता कळायचं कसं?"

मी पंप गुपचूप कोठीत ठेवून आलो.

औषधाचा अंमल उतरल्यावर कोल्हारला गेलो. तिथे एका शेतकऱ्याची मिरची बोकड्याने पार बसली होती. म्हटलं, "दादा, थोडी माशी मिळेल का?"

त्याने बायकोला हाक मारली. "अगं, भाईर ये! लोक माशी घालवायचं इचारत्यात, ह्यो न्यायला आलाय!"

पण दिली बिचाऱ्याने. रोगट झाडं मातीसकट कुंड्यांत बसवून, वर माझ्या घरची मच्छरदाणी टाकून टेम्पोतून आणली. मच्छरदाणी कुठे गेली, हे घरात अजून कोणी विचारलेलं नाही.

कुंड्या ओळींमध्ये ठेवल्या. मावशी रोज काठीने झाडं हलवून माशी उठवायच्या. मग रान मुरडायला लागलं. रोग आला म्हणून मी खूश, माझ्याच ओळींत आला म्हणून रडकुंडीला. एकेक करत सगळ्या गेल्या. बांधाकडची एक मात्र सरळ उभी. पानांखाली माशी बसलेली, तरी पानं सपाट, वर मिरच्या लगडलेल्या.

साहेबांनी पानं उलटून उलटून पाहिली. म्हणाले, "टोमॅटो राहू द्या."

माझी छाती सदऱ्यात मावेना. मावशींना म्हटलं, "बघितलंत? लेकरू आहे हे माझं!"

मावशींनी एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"हुशार हाय, सायेब. तुमच्यावर न्हाई गेलं."