ताटातला फासा

नितीनदादा फासा वहीआड कधी टाकायचा नाही. सगळ्यांच्या मधोमध स्टीलचं ताट ठेवायचा. ताटावर त्याच्या आईचं नाव कोरलेलं. वीस बाजूंचा फासा त्यात खणखणत फिरायचा आणि थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही.

दादा वरकुट्याचा, बारामतीच्या कॉलेजात माझ्या दोन वर्षं पुढे. रविवारी दुपारी कॉलेजच्या मागच्या वऱ्हांड्यात तो खेळ चालवायचा. गोष्ट तो सांगायचा, आपलं पात्र काय करतं ते आम्ही सांगायचं, आणि जमलं की नाही हे फासा ठरवायचा. इतर ठिकाणी म्हणे कुणी योद्धा होतं, कुणी जादूगार. दादाकडे सगळ्यांनी वैद्यच व्हायचं. "तलवारीला सगळीच म्होरं येत्यात," तो म्हणायचा. "औषधाला कोण येतंय, ते बघायचं हाय."

मी पणदऱ्याचा. घरातून कॉलेजात आलेला पहिलाच, त्यामुळे चुकायची भीती कायम. शक्यतो गप्प बसायचो.

एकदा गोष्टीतल्या गुहेत योगेशच्या वैद्याला विषारी बाण लागला. स्वतःवर उपचार करता येत नसे. दुसऱ्या कुणी औषधाची मुळी दिली नाही आणि फासा तीनदा दहाच्या आत पडला, तर तो मरणार. एक मुळी सोनालीताईकडे होती, एक माझ्याकडे. ताई मोठी, आधी तिनं बोलावं म्हणून मी थांबलो.

सात पडले.

"दोघंबी फोटोला उभं हाय का?" योगेश म्हणाला.

चार पडले.

"ताई, तुमी द्या," मी म्हणालो.

"तूच दे की, तू जवळ हायस."

तेवढ्यात दोन पडले.

वर्षभर वाढवलेल्या वैद्याची माहिती लिहिलेला कागद योगेशनं घडी करून खिशात घातला.

"दादा, एकदा परत टाक की," मी म्हणालो.

"न्हाय. पडलं ते पडलं." मग हळूच म्हणाला, "दोन वैद्य उभं, आन माणूस गेला. मरणाऱ्याला थोरला-धाकटा कळतो व्हय रं?"

दादाला इंदापुरात नोकरी लागली. त्याच्या शेवटच्या रविवारी ताईचा वैद्य कोसळला. माझ्याकडे एकच मुळी उरली होती आणि तिच्या-माझ्या मधे लांडगे. दादानं फासा उचलला.

"मी देतो," मी म्हणालो. आवाज माझा मलाच मोठा वाटला.

दादानं फासा टाकलाच नाही. माझ्या तळहातावर ठेवला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "म्होरल्या ऐतवारपासनं तू."

आता खेळ मी चालवतो. नवी मुलं वैद्य होतात आणि कुणी पडलं की एकमेकांकडे बघत बसतात. कुणासाठी थांबू नका, हे त्यांना सांगून टाकावं असं फार वाटतं. मी फासा टाकतो.