माणशी मैल

त्या मिस्त्रीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. वरातींसाठी मी एका इनामदारांची जुनी आलिशान मोटार घेणार होतो. मी नको म्हटलं असतं तर ती भंगारात जाणार होती. चाचणीसाठी एक गॅलन पेट्रोल मोजून घातलं, घड्याळ आणि वही घेतली. गाडी चालवणारा इनामदारांचा मिस्त्री मात्र नृसिंहवाडीच्या रस्त्यावर प्रत्येक पायी जाणाऱ्यापाशी थांबे. "पावणं, चढा की!" अकरा जण चढले. वेग विसाच्या वर गेला नाही आणि आठव्या मैलाला पेट्रोल संपलं.

"गॅलनला आठच मैल? नको ही गाडी," मी म्हणालो.

खाली उतरून तो बाहीनं बॉनेट पुसत होता. "माणशी धरा की, सायेब! आपून तेरा जण हाय. तेराआठे एकशेचार मैल!"

मी गणित तपासलं. बरोबर होतं. तरी उतरायला दार उघडलं, तर त्यानं ते बाहेरून दाबून धरलं.

"उतरू नगासा! आठ मैल कमी हुत्यात."