मी अकोल्यात असताना वॉर्डात आलेला मी

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण खरं सांगू? जेवताना करमणूक म्हणून. बायको पोळ्या लाटत असते, मी मोठ्याने वाचत असतो आणि प्रत्येक भुताची अशी उलटतपासणी घेतो, की भुतालाच वाटावं कुठून झक मारली नि दिसलो. पांढरी साडी होती? मग ती धुतं कोण? पैंजण वाजले? मांजर असेल. संशय हा माझा स्वभाव आहे आणि सुदैवाने मला त्याचाच पगार मिळतो. असा मी, आज स्वतःचाच अनुभव लिहायला बसलोय म्हणून बायको आत हसते आहे... हसू दे.

आधी माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अमरावतीच्या एका हृदयरोगाच्या हॉस्पिटलात मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. असं म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे खाली मेडिकलवर बसता का?" नाही हो! मी वॉर्डात फिरतो. डॉक्टर औषधं लिहितात. ती पोटात गेल्यावर एकमेकांशी भांडतील का, किडनीला झेपतील का, डोस जास्त होतोय का, आणि हा गृहस्थ आमच्या पाठीमागे आणखी काय काय गिळतो, हे शोधणं माझं काम. खटकलं की डॉक्टरांना गाठायचं. हृदयाच्या काही गोळ्या अशा आहेत, की औषध आणि विष यांच्यात बोटभर अंतर असतं. त्या बोटभर जागेत मी उभा असतो... (हे वाक्य मी लग्नसमारंभांत नेहमी वापरतो. चांगलं पडतं.)

तर, गुलाबराव. अचलपूरचे. सायकलदुरुस्तीचं दुकान, हात अजून वंगणाने काळे. पायांवर सूज, धाप, हृदयाचे ठोके वाकडेतिकडे, अशा अवस्थेत आमच्याकडे आले. ठोके ताब्यात आणायला त्यांना डिगॉक्सिन सुरू केलं. जुनी, गुणाची पण लहरी गोळी. तिची एक खोड आहे. रक्तातलं पोटॅशियम उतरलं, की ही गोळी माणसावर उलटते. आधी मळमळ, मग नाडी अडखळते, कधीकधी माणसाला सगळं पिवळं दिसायला लागतं, आणि मग हृदय कुठल्या क्षणी दगा देईल सांगता येत नाही.

आणि गुलाबरावांचं पोटॅशियम उतरतच होतं! आम्ही सलाईनमधून देत होतो, तोंडाने पाजत होतो, पुन्हा तपासलं की कमीच. सूज उतरवायला दिलेल्या लघवीच्या औषधाने थोडं जातं, ते आम्ही हिशेबात धरलं होतं. पण इतकं?

"हे पोटॅशियम जातंय कुठे?" आमचे मोठे सर राउंडला ओरडले. मग संशयाची साथच पसरली. सरांचा संशय लॅबवर. लॅबचा सिस्टरांवर. गुलाबरावांच्या मंडळी, सुमनबाई, यांचा आम्हा सगळ्यांवर: "चांगला बोलता-चालता मानूस आनला होता, अन् तुमी रोज सुया टोचून टोचून त्याले अर्धा केला." आणि माझा संशय सुमनबाईंवर. बाई नजरेला नजर देत नव्हत्या.

माझी एक पद्धत आहे. घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो आणि पिशवी पलंगावर उलटी करतो. नाट्य असतं त्यात, लोक मान उंच करून बघतात. गुलाबरावांच्या पिशवीतून बाम निघाला, जुन्या गोळ्या निघाल्या, आणि एक पुडी. मी ती पुडी हातात घेऊन सुमनबाईंकडे असं बघितलं की काय सांगू... ते हिंगाष्टक चूर्ण निघालं.

"काका, याव्यतिरिक्त आपण काही सेवन करता?" मी शुद्ध भाषेत विचारलं.

"कायच नाई जी."

"काढा? जडीबुटी? वैद्याची मात्रा?"

"नाई जी."

"खर्रा?" (म्हणजे आमच्याकडचा घोटलेला तंबाखू-सुपारीचा ऐवज.)

"तो तं कवाचाच सोडला साहेब. पोरीची शपथ."

"खरं हाय भाऊ ते," सुमनबाई म्हणाल्या. "मी सोता खिसे झाडतो त्याईचे."

चौकशी संपली. गुलाबरावांची नाडी मात्र आता मधूनच एखादा ठोका गिळत होती, आणि सकाळचा चहा त्यांनी ओकून काढला होता. मला ते अजिबात आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मला अकोल्याला जायचं होतं. पुतणीचं साक्षगंध, म्हणजे तुमच्या पुण्याकडचा साखरपुडा. काका म्हणून सूत्रसंचालन माझ्याकडे. माझ्या हातात माइक आला की तो परत मिळवायला मंडपवाल्याला यावं लागतं, ही माझी ख्याती आहे. रविवारी सकाळी बायकोला घेऊन निघालो, दुपारभर हॉलमध्ये पाहुण्यांना हसवलं, संध्याकाळी परत.

सोमवारी वॉर्डात पाय ठेवला तोच ज्योती सिस्टर समोरून आल्या. "सर, काल कमाल केली हं तुम्ही!"

मला वाटलं, साक्षगंधाचा व्हिडिओ इथपर्यंत पोचला. मी विनयाने मान झुकवली. "अहो, काही नाही, आपलं सुचतं तसं बोलायचं."

"सुचतं तसं काय सर! माणूस वाचला!"

मी गुलाबरावांच्या पलंगाकडे बघितलं. पलंग रिकामा होता. गादी गुंडाळलेली.

"आयसीयूत आहेत," सिस्टर म्हणाल्या. "आता बरे आहेत. तुम्हीच नाही का हलवायला लावलं काल दुपारी?"

"सिस्टर, मी काल अकोल्यात होतो."

त्या हसल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या.

आता ऐका, सिस्टरांनी काय सांगितलं. रविवारी दुपारी, जेवणाचे डबे उचलून झाल्यावर, 'मी' वॉर्डात आलो. सरळ गुलाबरावांच्या पलंगाजवळ गेलो आणि स्टुलावर बसलो. सिस्टरांना तिथेच नवल वाटलं, कारण मी कधी बसत नाही. बसून हातवारे नीट होत नाहीत. 'मी' हळू आवाजात काहीतरी विचारलं. गुलाबरावांनी उशीखालून काहीतरी काढून दाखवलं. 'मी' उठून सिस्टरांकडे आलो, म्हणालो, "डिगॉक्सिनची आजची गोळी देऊ नका, मी सरांशी बोलतो," वॉर्डाच्या फोनवरून मोठ्या सरांना फोन केला आणि निघून गेलो.

"एवढंच बोललो मी?" मी विचारलं.

"तेच तर सर! आम्ही आपसात म्हटलंसुद्धा, सरांची तब्येत बरी नसेल."

मी सरांची केबिन गाठली. "माझा आवाज होता?"

"तुझाच," सर म्हणाले. "फक्त मुद्द्याचं बोललास, म्हणून मी जरा चमकलो. ज्येष्ठमध म्हणालास. मी लगेच येऊन ईसीजी काढला, तर गोळी उलटायला लागलेली. तासाभरात काय झालं असतं सांगता येत नाही. आता अकोल्यात होतो वगैरे नाटकं नको करूस, शाबासकी घे आणि जा."

ज्येष्ठमध! गुलाबरावांनी खर्रा सोडला होता, शपथ खरी होती. पण वर्षानुवर्षं गालात काहीतरी धरून ठेवायची सवय. तोंड रिकामं राहवेना, म्हणून कोणीतरी सांगितलं, ज्येष्ठमधाची काडी धरा. ते सकाळी डोळा उघडल्यापासून ती चघळायचे. काडी संपली की दुसरी. हॉस्पिटलातसुद्धा. दिसली का नाही आम्हाला? कारण खर्रा खाणाऱ्या माणसाची दुसरी जुनी सवय: पांढरा कोट दिसला, की तोंडातला ऐवज मुठीत, मुठीतून उशीखाली. आणि ज्येष्ठमध इतक्या प्रमाणात रोज पोटात गेला, की तो किडनीवाटे पोटॅशियम बाहेर काढत राहतो. आम्ही वरून ओतत होतो, काडी खालून सोडून देत होती. सुमनबाईंना सगळं माहीत होतं, पण त्यांच्या लेखी ते ना खाणं, ना औषध. मी 'सेवन' विचारलं. त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं.

आयसीयूत गुलाबराव टेकून बसले होते. मी जवळ गेलो.

"काका, काल तुम्हाला कोण भेटलं होतं?"

"म्हंजे? तुमीच तं आले होते."

"मी काय विचारलं?"

त्यांनी सुमनबाईंकडे बघितलं, साहेबांचं काही बिनसलंय का अशा नजरेने. "तुमी मनले, गालात काय ठुलं हाय जी? मंग मी दाखवलं. लपवून काय करता, तुमी तं सरळच इचारलं."

"असंच? आपल्या बोलीत?"

"हौ ना. मले बी बरं वाटलं. मी मनलं, हे तं आपल्याकडचेच दिसते." सुमनबाई मध्येच म्हणाल्या, "चा घ्या मनलं भाऊ, तं नाई मनले तुमी. मले तवाच कसंतरी वाटलं." मी चहाला नाही म्हणणं, हे खुद्द माझ्या आईनेही कधी ऐकलेलं नाही.

मी वऱ्हाडीच आहे हो, अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याचा. पण हॉस्पिटलात मी वऱ्हाडी बोलत नाही. कोटाला शोभत नाही असं आपलं मला वाटायचं.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल असा तपास केला. कोणी सोंग घेऊन आलं असेल? मग ज्येष्ठमध, पोटॅशियम आणि डिगॉक्सिन ही तिकडी जुळवणारा सोंगाड्या आणा शोधून. सिस्टरांनी कट केला असेल? ज्योती सिस्टरांना खोटं बोललं की उचकी लागते, आणि ती लागली नाही. वॉर्डातला कॅमेरा? आहे ना. औषधांच्या कपाटावर रोखलेला, कारण माणसांपेक्षा गोळ्या चोरीला जायची आम्हाला जास्त भीती. माझा कोट? घरी दोरीवर वाळत होता. राहता राहिलो मी. म्हणून मी स्वतःवर संशय घेतला आणि घरी जाऊन बायकोला विचारलं, "काल दुपारी मी नक्की हॉलमध्येच होतो ना?"

तिने भाजी चिरायची थांबवली. "तेच विचारणार होते मी. ते मध्येच काय झालं होतं तुम्हाला?"

"कधी?"

"माइक हातात घेऊन उभे, आणि तोंडातून शब्द नाही. व्याह्यांचा किस्सा अर्धा सोडून. सगळे बघताहेत, तुमचे दादा हाका मारताहेत, तुम्ही आपले समोर बघत उभे. मी उठणार एवढ्यात पुन्हा सुरू झालात, जिथे थांबला होता तिथूनच."

मला यातलं काही आठवत नाही. माझ्या आठवणीत तो किस्सा सलग आहे आणि शेवटी प्रचंड हशा आहे. व्हिडिओ मागवला. शूटिंगवाला म्हणाला, "काका, तुमी बोलेचना, तं मी कॅमेरा पंगतीकडं फिरवला." त्यात मला फक्त लोक जिलबी खाताना दिसतात. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून झालं, त्यांना काही सापडलं नाही. मित्र म्हणतात, तू असा गप्प झालास हाच चमत्कार, बाकी सोड.

हसण्यावारी नेतो मीही. पण एक गोष्ट टोचते. मी अकोल्याला निघालो तेव्हा त्या नाडीची मला काळजी होती, आणि तरी मी निघालो. जो कोणी आला, तो माझ्याएवढंच जाणत होता. मला ठाऊक नसलेलं त्याने काही सांगितलं नाही. फक्त तो स्टुलावर बसला आणि सरळ विचारलं. माझ्याच तोंडाने. यावर मला कुणाचा संशय घ्यावा तेच कळत नाही.

परवा गुलाबराव तपासणीला आले. पायांची सूज गेलेली, चालत जिना चढून आले. गालात काही नव्हतं. तोंड उघडून दाखवलं मला. मग सुमनबाईंना बाहेर बसायला सांगून त्यांनी दार लोटलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिले. सायकलच्या चाकाला आऊट किती, म्हणजे ते फिरताना किती डगमगतं, हे बघावं, तसं.

"साहेब, राग नका मानू," ते म्हणाले. "तुमी कोनते?"

गंमत करायची केवढी संधी होती! पण जमलं नाही. "मी तो नव्हे, काका," मी म्हणालो. "मी अकोल्यात होतो."

त्यांनी मान हलवली. त्यांना फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. उठले, टोपी सारखी केली, हात जोडले.

"मंग त्याईले माहा नमस्कार सांगजा. मनावं, गुलाबराव दुकानात जाऊन बसते आता."

सांगतो म्हणालो. पण कोणाला, कुठे... कोणाला ठाऊक असेल तर कळवा. एका माणसाचा नमस्कार माझ्याजवळ पडून आहे.