वकीलसाहेब आणि आमचं वकील

वकिलीची परीक्षा मी तिसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या दोन खेपांना मुंबईतच आपटलो, त्यामुळे कोल्हापुराला फक्त तिसरी खेप कळली, आणि ती पहिलीच असं सगळ्यांनी धरून चाललं. मीही कुणाचा गैरसमज दूर केला नाही. सनद मिळाली, डोक्यावर पागोटं चढलं आणि कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत बाकावर जागा झाली. त्या बाकावर सनदेच्या जुनेपणाप्रमाणे बसायचा रिवाज होता. सगळ्यांत जुना वकील खिडकीशी, वाऱ्याला. सगळ्यांत नवा दाराशी. दारापासून खिडकीपर्यंत सरकायला मला अकरा वर्षं लागली.

आणि मग महाराजांच्या हुकमानं तो आला.

महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. वकिली चार घरांतच का राहावी म्हणून त्यांनी इतर समाजांतल्या काही माणसांना परीक्षेवाचून सनदा दिल्या. आज मला त्या हुकमामागचं शहाणपण दिसतं. तेव्हा मात्र अंगाचा तिळपापड झाला होता. हा गडी कसबा बावड्याच्या शेतकरी घरातला. कोर्टाबाहेर चिंचेखाली पोतं टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. मोडी अक्षर मात्र मोत्यासारखं. काल पोत्यावर होता तो आज फेटा बांधून आमच्या खोलीच्या दारात उभा! बाकावर दाराशी जागा होती, पण त्यानं ती घेतली नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "हितं बरं हाय. माणसांस्नी मी दिसतो."

दिसायचा खराच. महिन्याभरात कट्ट्यावर त्याच्याभोवती माणसांचा गराडा पडू लागला. कुणी मक्याची कणसं आणायचं, कुणी कोवळी वांगी. मी खिडकीतून बघायचो. माझ्याकडे अशील यायचे ते जोडे लांब काढून, हात जोडून, भिंतीला धरून उभे राहायचे. मला 'वकीलसाहेब' म्हणायचे. त्याला म्हणायचे 'आमचं वकील'. हे 'आमचं' माझ्या कानात दिवसभर टोचत राहायचं. अकरा वर्षांत मला एकाही माणसानं 'आमचं' म्हटलं नव्हतं.

अशात कोडोलीचा पाण्याचा दावा आला. एका विहिरीत दोन घरांचा निम्मा निम्मा वाटा. एक घर एका विधवा बाईचं, दुसरं तिच्या शेजाऱ्याचं. शेजाऱ्यानं तिची मोटेची पाळी बंद पाडली होती. बाईचा ऊस उभा होता आणि पाण्यावाचून पिवळा पडत होता. बाईचं वकीलपत्र त्याच्याकडे, शेजाऱ्याचं माझ्याकडे.

दाव्याचा कागद हातात पडला आणि पहिल्या ओळीलाच मला हर्ष झाला. जमिनीचा उतारा बाईच्या नावाचा, विहिरीचा वाटा बाईच्या नावाचा; आणि वादी म्हणून नाव कुणाचं, तर बाईच्या दिराचं! घरात बाप्या माणूस असताना सरकारी कागदावर बाईचं नाव घालायचं नाही, ही चिंचेखालची रीत. अर्जात ती चालून जायची. दाव्यात ज्याचा हक्क त्यानंच मागायला हवं.

ही चूक मी माझ्या अशिलालाही सांगितली नाही. दोन आठवडे गुळाचा खडा गालात धरावा तशी ती चघळत राहिलो. खरं सांगायचं तर दावा जिंकण्यात मला तेवढा रस नव्हता. भर कोर्टात त्याचा फेटा खाली झालेला मला बघायचा होता, आणि तोही त्याच्या माणसांसमोर.

तारखेला मी उठलो आणि सावकाश, एकेक शब्द सोडत चूक दाखवली. मागच्या बाकांवर आमची वकील मंडळी खुसखुसली. कोपऱ्यात बाई डोक्यावरचा पदर धरून उभी होती. तिला काहीच कळलं नव्हतं. ती नुसती आपल्या वकिलाच्या तोंडाकडे बघत होती.

तो उठला. मला वाटलं, आता सारवासारव करील. मी असतो तर केलीच असती. चुकलो असं म्हणायचं नाही, हेच आम्ही खिडकीपर्यंत सरकताना शिकलो होतो.

"चूक माजी हाय, सरकार," तो मुन्सफांना म्हणाला. "बाईचं काय चुकलं न्हाय. दंड करायचा तर मला करा. मी शिकल्याला माणूस न्हवं. पर समोरचं साहेब शिकल्यात. नाव बदलून हाच दावा फुडं चालवता येतोय का, ते त्यास्नीच इचारा. ते सांगतील ते मला कबूल."

मुन्सफ नवे होते, वयानं लहान. कायद्याच्या पुस्तकापेक्षा माझ्या पागोट्याकडे जास्त बघायचे. त्यात त्या पुस्तकाची कोर्टातली प्रत बांधणीला गेलेली.

"काय वकीलसाहेब," मुन्सफांनी विचारलं, "अशी दुरुस्ती होते का?"

होत होती. नजरचुकीनं भलत्याचं नाव पडलं तर कोर्टाला ते बदलता येतं, हे मला माझ्या नावाइतकं पाठ होतं. पहिल्यांदा नापास झालो तो याच प्रश्नावर. मी बाईकडे बघितलं. मग त्याच्याकडे. तो माझ्याकडे इतक्या भरवशानं बघत होता की माझं डोकंच फिरलं. विरोधी वकिलावर भरवसा ठेवायचा हा थोरपणा याला कुणी शिकवला? माझ्या अंगात तो का नाही?

"होत नाही," मी म्हणालो.

दावा फेटाळला. बाईनं तिच्या नावानं नवा दावा करावा, असं ठरलं. नवा दावा म्हणजे नव्या नोटिसा, नव्या तारखा. बाई जाताना त्याला विचारत होती, "मग पाणी कवा मिळायचं?" तो तिला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही.

पुढच्याच रविवारी सकाळी तो माझ्या घरी आला. वाटलं, भांडायला आला. पण तो ओसरीच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "साहेब, फुडच्या बाईवर ही पाळी याय नको. ते कायद्याचं पुस्तक चार दिवस द्या. वाचतो." मी काही सबब काढणार, तोवर आमच्या कुटुंबानं आतून चहा आणि पुस्तक दोन्ही आणून त्याच्यासमोर ठेवलं. "अहो, द्या की," ती म्हणाली, "एवढं शिकायचं म्हणतायत."

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

पाचव्या दिवशी तो पुस्तक घेऊन आला. दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. आत खुणेला उसाचं वाळलेलं पातं होतं. पान उघडून बघायची मला गरज नव्हती.

"कोडोलीला गेलतो," तो म्हणाला. "ऊस गेला. बाई म्हणती, आता हरभरा टाकते."

"तिला काय सांगितलंत?" मी विचारलं.

"माजी चूक, म्हनलं. ती तर हायच की." तो उठला, फेटा सारखा केला. "तुमचं नाव घ्यायचं काय कारण? शिकल्याला वकील बी खोटं सांगतोय असं एकदा गावात झालं, तर आमची माणसं कागद घेऊन जायाची कुणाकडं?"

एवढं बोलून तो निघाला. त्यानं शिव्या दिल्या असत्या, चारचौघांत माझं पागोटं उडवलं असतं, तर मी सुखानं त्याचा द्वेष करत राहिलो असतो. तेवढीही सोय त्यानं ठेवली नाही.

नव्या दाव्यात मी फार ताणलं नाही, आणि बाईला तिची पाळी मिळाली. त्यानंतर तो चार वर्षं कट्ट्यावर बसला आणि मी खिडकीशी. त्या दिवसाबद्दल तो एका अक्षरानं कधी बोलला नाही. मग एका पावसाळ्यात तापानं गेला. कट्टा मोकळा झाला. वाटलं होतं, आता तरी मला स्वस्थ झोप लागेल.

महिन्याभरानं कोडोलीची बाई माझ्या ओसरीशी आली. जोडे लांब काढले, हात जोडले. बांधाचं काही भांडण होतं. माझ्याकडेच का आलीस, असं मी विचारलं.

"आमचं वकील सांगून गेल्यात," ती म्हणाली. "मी नसलो तर वकीलसाहेबांकडं जा, त्यांचा कायदा पक्का हाय."

मी तिचे कागद घेतले. पहिल्या ओळीत तिचंच नाव होतं, मोत्यासारख्या मोडी अक्षरात.