उजवी की डावी

मेंदूवर सुरी चालवणारे पहिले डॉक्टर शहरात आले, त्याच महिन्यात हा न्हावी इस्पितळात कामाला लागला. सुरुवातीला माणसं टेबलावरून उठत नसत. लोक नाही नाही ते बोलत. डॉक्टर हटले नाहीत, आणि न्हावी तरी कुठे हटला? डॉक्टर चिठ्ठीवर ‘उजवी’ किंवा ‘डावी’ लिहून पाठवत, आणि हा डोक्याची तेवढीच बाजू भादरे. आता यात कसली आलीय अक्कल, असं कुणालाही वाटेल. पण हा पडला बोलघेवडा. अठरा वर्षं पेशंटशी गप्पा मारता मारता त्याला एवढं पक्कं कळलं होतं, की मेंदूतली गाठ डावीकडे असली की लुळा पडतो उजवा हात.

एकदा एक शिंपीण आली. चिठ्ठीवर ‘डावी’. कापड धरायचा हातच गेला, आता पोट कसं भरू, असं ती सांगत होती, आणि मांडीवर निपचित पडला होता तो तिचा डावा हात. न्हाव्याचा वस्तरा थांबला.

वॉर्डातल्या सिस्टरनी त्याला बजावलं, दादा, नसत्या भानगडीत पडू नका, चिठ्ठी खुद्द साहेबांची आहे. साहेबांचा राग म्हणजे जमदग्नीचा. ऑपरेशनमध्ये हातून चिमटा पडला म्हणून त्यांनी एकाला कायमचं घरी बसवलं होतं. न्हाव्यानं ऐकून घेतलं. तरी गेला.

डॉक्टर हात धूत होते.

“साहेब, हात डावा लुळा आहे. मग डोकंही डावंच कसं?”

डॉक्टर ओल्या हातांनीच दिव्यावरच्या एक्स-रेकडे गेले. प्लेट उलटी, मागची बाजू पुढे करून लावलेली होती, आणि तीच बघून त्यांनी चिठ्ठी लिहिली होती. त्यांनी ती सरळ करून पाहिली.

“चूक माझी. उजवी करा.”

तेव्हापासून पेशंटला स्वतः विचारल्याशिवाय डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेले गावोगावी गेले आणि ही पद्धत सोबत घेऊन गेले. न्हाव्याला त्याचं फारसं काही नव्हतं. त्याचा जीव अडकला होता शिंपिणीत.

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी तो शेजारच्या पेशंटची हजामत करत होता. शिंपीण पट्टीखाली बोट घालून डोकं खाजवत होती. तो सवयीनं खेकसला, “अहो बाई, टाक्यांना हात लावू नका!”

मग हात कोणता, ते त्याला दिसलं. अर्धी हजामत तशीच टाकून तो व्हरांड्यात गेला आणि ढसाढसा रडला.