लाटेची हाक कुठून द्यायची

मी भूगोलाची मास्तरीण. नोकरीत असताना त्सुनामीचा धडा इतक्या वेळा शिकवला की पुस्तक न उघडता कुठल्या ओळीवर मुलं जांभई देणार तेही सांगितलं असतं. वर्गातल्या ढ पोरांनाही मी तो धडा गळी उतरवला. माझ्या घरात मात्र एक विद्यार्थी असा निघाला की ज्याच्यापुढे मी हात टेकले. तो म्हणजे माझा नवरा.

माझं माहेर कसालचं, हायवेच्या कडेचं. तिथं पाणी म्हणजे विहिरीतलं. लग्न होऊन देवबागला आले तेव्हा एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी बघून मी सासूबाईंना पहिला प्रश्न विचारला, "दोनय बाजूंनी पाणी इला तर जावचा खंय?"

"खंय जातलंस? आधी भात टाक," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वभाव मला त्याच दिवशी कळला आणि आवडलाही.

आमचं घर रापणीवर चालतं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडीतून ते अर्धगोलात पाण्यात सोडत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, मग तो कोणी का असेना. माझ्या नवऱ्याचं काम बघणाऱ्याचं. वाळूच्या उंचवट्यावर उभं राहायचं, पाण्याचा रंग बघायचा, मासळीचा थवा आला की हाक द्यायची. त्या हाकेला शब्द नाहीत, नुसता लांब सूर आहे. तो कानावर पडला की आमच्या वाडीतली माणसं चुलीवरचं दूध तसंच टाकून टोपली घेऊन किनाऱ्याकडे पळतात. लग्नानंतर वर्षभरात मीही पळायला लागले होते.

त्सुनामी शिकवताना मी ह्या रापणीचाच दोर वापरायची. दोन मुलांच्या हातात दोन टोकं द्यायची आणि एकाला जोरात झटका द्यायला सांगायची. झटका ह्या टोकाकडून त्या टोकाकडे धावत जायचा, दोर मात्र होता तिथंच. पाण्याचंही तसंच असतं, मी सांगायची. समुद्राच्या तळाचा मोठा तुकडा भूकंपात अचानक वर उचलला गेला किंवा खचला, की त्याच्यावरचं सगळं पाणी, तळापासून माथ्यापर्यंत, त्याच्याबरोबर हलतं. वाऱ्याच्या लाटा नुसत्या वरवरच्या. ही लाट सगळ्या खोलीची. पाणी जितकं खोल तितकी ती वेगात जाते. भर महासागरात तर विमानाच्या वेगानं. आणि गंमत अशी की तिथं तिची उंची हातभर असते, लांबी मात्र शेकडो किलोमीटर, त्यामुळे वरून जाणाऱ्या होडीला पत्ताही लागत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की तिचा पुढचा भाग मंदावतो आणि मागचा अजून जोरात येत असतो. मालवणच्या स्टँडवर एसटीच्या दारात पहिली बाई पिशवी अडकून थांबते आणि मागची रांग तिच्यावर येऊन आदळते, तसं होतं. सगळं पाणी मग वर चढतं.

नवऱ्यानं हे सगळं ऐकून घेतलं. जाळं विणता विणता म्हणाला, "म्हंजे खोल दर्यात आमका कळाचाच नाय?"

"नाय."

"मगे बरा. मी भायर आसलंय तर बिनघोर."

"आणि होडी किनाऱ्यार आसली तर?"

"तर आधी होडी वर वडतलंय, मगे येतलंय."

इथं आमची गाडी अडायची. मी सांगायची की लाट एक नसते, एकामागून एक येतात, पहिलीच मोठी असेल असंही नाही, मध्ये बराच वेळ जातो आणि त्या वेळात माणसं होड्या बघायला परत खाली जातात. तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. होडी त्याच्या बापानं त्याच्यासाठी बांधून घेतलेली. ती सोडून तो यायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आकाशवाणीवर किंवा फोनवर कुठं भूकंपाची बातमी आली की मी आधी किनाऱ्यावर त्याची होडी कुठं आहे ते बघून यायची. धडा सगळ्या वर्गाला येतो आणि आपल्याच माणसाचा जीव त्यात जाणार, असं वाटून मी चिडचिड करायची. तो समजायचा की माझं डोकं दुखतंय.

गेल्या वर्षी तालुक्याहून एक साहेब सराव घ्यायला आले. देवबागातून बाहेर जायचा रस्ता एकच आणि लांब, म्हणून इशारा मिळाला की सगळ्यांनी शाळेच्या पक्क्या इमारतीच्या गच्चीवर जायचं, असं ठरलं. मला निवृत्त बाई म्हणून मदतीला घेतलं होतं. साहेबांनी सभेत समजावलं, "कधी कधी लाटेच्या आधी समुद्र खूप मागे हटतो. तळ उघडा पडतो. असं दिसलं तर क्षणभरही थांबायचं नाही."

पुढच्या रांगेतून सासूबाईंनी विचारलं, "साहेबानू, तळ उघडो पडलो तर मुळे गावतले काय?"

मुळे म्हणजे वाळूतले शिंपले, त्यांचा फार आवडता प्रकार. ते वेचायला मिळतील का, असं त्या विचारत होत्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला.

सरावाच्या दिवशी इशारा द्यायला आणलेला रिक्षावरचा भोंगा बंद पडला. दोनदा खरखरला आणि गप्प झाला. साहेब हातात घड्याळ घेऊन शाळेच्या पायऱ्यांवर उभे. कोणीतरी त्यांना सांगितलं की वाडीत सगळ्यात मोठा आवाज बाईंच्या घरवाल्याचा. साहेबांनी त्याला म्हटलं, "तुम्हीच ओरडा हो जोरात." हा गेला आपल्या नेहमीच्या उंचवट्यावर, उभा राहिला आणि आयुष्यभर दिली तीच हाक दिली. दुसरी त्याला येत नव्हती.

सगळी वाडी किनाऱ्याकडे पळाली. टोपल्या घेऊन. गुडघे दुखतात म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई पहिल्या पाचांत होत्या. शाळेच्या पायऱ्यांवर साहेब, मी आणि एक कुत्रा. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग रिकाम्या रस्त्याकडे, आणि वहीत काय लिहावं ते त्यांना सुचेना. वाडी नंतर आठवडाभर पोट धरून हसली. मीही त्यांच्यात हसले. घरी आल्यावर मात्र मला रडू आलं.

"हसतास काय?" मी नवऱ्याला म्हटलं. "खरी लाट आसती तर तुमी सगळ्यांका तिच्या तोंडात बोलावलात."

त्याचं हसू गेलं. त्या दिवशी तो धड जेवलाही नाही. मला वाईट वाटलं, पण बोलले ते खोटं नव्हतं.

पुढचे दोन दिवस माझ्या डोक्यात तेच. मी इतकी वर्षं शिकवत होते की पाण्यापासून लांब पळा. पण आमची माणसं कशापासून पळत नाहीत, ती हाकेकडे पळतात. चूक हाकेत नव्हतीच. ती दिली कुठून, त्यात होती. हे लक्षात आल्यावर मी हातातली कोयती ठेवली आणि तशीच नवऱ्याकडे गेले.

"हाक शाळेच्या गच्चीवरसून दिवची," मी म्हटलं. "तुमीच दिवची. तालुक्यासून फोन इलो की सगळ्यांच्या आधी तुमी वर."

"आणि होडी?"

"होडी वडीत बसलात तर हाक कोण देतलो?"

त्यानं एकदा होडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी एका दगडात दोन पक्षी मारते आहे हे त्याला कळलं असणार, तो काही भोळा नाही. शेवटी म्हणाला, "मास्तरीण ती मास्तरीणच." म्हणजे हो. एवढ्या वर्षांत मी जिंकलेलं ते पहिलं भांडण.

रापणीच्या हाकेपेक्षा वेगळी कळावी म्हणून सूर तोडून तोडून द्यायचा, हे त्यानंच सुचवलं. पंचायतीनं घरोघरी सांगितलं. दुसरा सराव मात्र दिवस आणि वेळ न सांगता घ्यायचा, असं साहेबांनी ठरवलं. मलाही कळवलं नाही.

तो झाला एका सकाळी, भरती चढत असताना. मी मागच्या दारी मासे साफ करत होते. हाक आली, गच्चीवरून, तोडून तोडून. काय सांगू, हातातला मासा तसाच टाकला. मी सासूबाईंना उठवलं. त्यांनी आधी चप्पल शोधली, मग कोंबड्या कोंडल्या, मग दारातून परत वळून गॅस बघितला. रस्त्यावर आलो तोवर वाडी पुढे गेलेली. दोन घरं गेली की त्या थांबायच्या, "तू हो फुडे" म्हणायच्या, आणि मी त्यांचा हात धरून ओढायची. हाक येतच होती. आधी ती खणखणीत होती. मग चिरकायला लागली.

शाळेचे जिने चढताना सासूबाईंनी जगातल्या सगळ्या साहेबांचा उद्धार केला. वर पोचलो तर गच्ची भरलेली. साहेब घड्याळ बघून हसत होते. गर्दीतून वाट काढत नवरा आला. पाय मांडीपर्यंत ओले, म्हणजे फोन आला तेव्हा तो होडीपाशी पाण्यात होता.

"खंय होतंस तू?" आवाज बसलेला, नीट फुटत नव्हता. "सगळी इली, तू दिसलंस नाय. किती हाका मारलंय."

त्यानं माझं मनगट धरलं ते सोडेना. वाऱ्यापावसात किनाऱ्यावर उभी राहून त्याच्या होडीची वाट मी किती वेळा बघितली, त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. आज वाट बघायची पाळी त्याची होती, आणि ती कशी असते हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मला त्याची दया आली आणि, खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं.

तेवढ्यात कठड्याजवळचं कोणीतरी ओरडलं की ह्यांची होडी सुटली, भरतीबरोबर खाडीकडे चाललीय.

त्यानं वळून बघितलंसुद्धा नाही. "जावंदे," मला म्हणाला. "तू बस आधी."